सुरू न होणारा संगणक आणि कायम पूजेची यादी

‘संगणक चालू होत नाही’ हे वाक्य आज घरोघरी ऐकू येते. पण वैद्याकडे जाऊन ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगावे, तसे ते अपुरे आहे. बटण दाबूनही काहीच न होणे ही एक अवस्था. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, ही दुसरी. कंपनीचे चिन्ह उमटून तेथेच थिजणे, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एखादी इंग्रजी ओळ येऊन थांबणे, विंडोजचे ठिपके तासभर गोल फिरत राहणे, या आणखी तीन. या पाचही अवस्था एकमेकींहून सर्वस्वी भिन्न आहेत. त्यांची कारणे निराळी, उपाय निराळे, आणि मुख्य म्हणजे त्यांतील धोके निराळे. तरीही आपल्याकडे पाचांनाही बहुधा एकच औषध सांगितले जाते: ‘फॉरमॅट मारून टाका.’

दक्षिण महाराष्ट्रातील एका गावच्या जिनमंदिराच्या कार्यालयात, दशलक्षण पर्वाला चार दिवस उरले असताना, हे औषध अगदी ओठांपर्यंत आले होते. कार्यालयातील संगणक दहाएक वर्षांचा. त्यात देणग्यांच्या पावत्यांचा हिशेब होता, अभिषेकाच्या सवालांच्या नोंदी होत्या, धर्मशाळेच्या खोल्यांचे टिपण होते. हे सारे कष्टाने का होईना, पुन्हा उभे करता आले असते. पावत्यांच्या स्थळप्रती कपाटात असतात, बँकेकडून खात्याचा उतारा मागता येतो. ज्याची दुसरी प्रत कोठेच नव्हती, ती होती कायम पूजेची यादी.

कायम पूजेची प्रथा वाचकांस परिचित आहे. आई-वडिलांच्या, क्वचित अकाली गेलेल्या लेकराच्या नावे कुटुंब एक रक्कम मंदिराकडे ठेवते आणि तिच्या व्याजातून दरवर्षी ठरलेल्या तिथीला त्या नावाने अभिषेक-पूजा होते. कुटुंब पुण्याला राहो की परदेशी, तिथी चुकायची नाही, हा मंदिराने दिलेला शब्द असतो. या मंदिराची जुनी वही २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात भिजली. पाने एकमेकांना चिकटली, शाई उतरली. जेवढे वाचता आले तेवढे संगणकात उतरवले गेले, आणि त्यानंतरच्या नोंदी थेट संगणकातच होऊ लागल्या. त्यापुढच्या दोन वर्षांत करोनाने नेलेल्यांची नावे त्या यादीत होती. त्यांतील कित्येकांच्या घरच्यांना अंत्यदर्शनही लाभले नव्हते. दरवर्षीची ही पूजा हाच त्यांचा निरोप. ठेवी बँकेत सुरक्षित होत्या, पण कोणत्या तिथीला कोणाचे नाव घ्यावयाचे, हे बँक कशी सांगणार?

पेन ड्राइव्हवर एक प्रत आहे, अशी सर्वांची समजूत होती. तो पेन ड्राइव्ह शोधून दुसरीकडे लावून पाहिला, तेव्हा त्यात ध्वनिक्षेपकावर लावावयाची भक्तिगीते निघाली. जागा हवी म्हणून कोणीतरी आधीचे सारे पुसले होते. असे करणारा मनुष्य सेवाभावीच असतो, हे अशा संस्थांतून वावरलेल्यांना सांगावयास नको.

तालुक्याच्या गावाहून दुरुस्तीवाला मुलगा आला. पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी ओळ होती. ती पाहून त्याने दोन मिनिटांत निकाल दिला: “अण्णा, हार्डडिस्क गेली. नवीन टाकतो, विंडोज टाकतो. संध्याकाळपर्यंत चालू.”

“आणि आतलं?”

“आतलं गेलं म्हणायचं.”

या मुलाला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याच्या दुकानात एका वेळी पंधरा-वीस संगणक खोळंबलेले असतात, प्रत्येक गिऱ्हाईक ‘आजच द्या’ म्हणते, आणि कारण शोधण्याच्या तासाचे पैसे कोणी देत नाही. नवी डिस्क घालून विंडोज टाकण्याचे पैसे मात्र विनातक्रार मिळतात. ज्या कामाची मजुरी मिळते तेच काम वाढते, हा व्यवहाराचा साधा नियम आहे.

कार्यालयाचे काम पाहणारे अण्णा पंचाहत्तरीचे. हयात विकास सेवा सोसायटीच्या सचिवपदावर गेलेली. संगणकातील त्यांना यादी उघडणे, पावती काढणे आणि बंद करणे, एवढेच येई. परंतु तेरीज जुळत नसली की काय करावयाचे, हे त्यांना चांगले ठाऊक होते. वर्षअखेरीस जमा आणि नावे या बाजूंत फरक आला म्हणून कोणी खतावणी फाडून नवी लिहावयास घेत नाही. फरकाचा आकडा आधी नीट पाहतात. तो निम्मा केल्यावर त्या रकमेची नोंद सापडली, तर ती भलत्या बाजूला पडलेली असू शकते. फरकाला नवाने नि:शेष भाग जात असेल, तर कोठेतरी ५४ चे ४५ झाले असण्याचा संभव असतो. आकडा स्वतःच कारणाकडे बोट दाखवतो, पाहणाऱ्याला सवड हवी. अण्णांनी मुलाला चहा पाजून, येण्याचे पैसे देऊन परत पाठवले आणि पाठशाळेत लहान मुलांना शिकवणाऱ्या मुलीला बोलावणे धाडले. ती पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती.

तिने आल्या आल्या संगणकाला हात लावला नाही. बटण दाबल्यापासून यंत्रात काय काय घडते, ते तिने आधी अण्णांना सांगितले, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

बटण दाबताच प्रथम वीजपुरवठ्याची पेटी, जिला ‘एसएमपीएस’ म्हणतात, ती जागी होते. घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे प्रवाह तयार करते आणि ते स्थिर झाले की ‘पुरवठा ठीक आहे’ असा संकेत मदरबोर्डला देते. तो संकेत मिळेपर्यंत प्रोसेसर काम सुरूच करत नाही. मिळाल्यावर तो एका ठरावीक पत्त्यावर जातो. तेथे मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमध्ये कायमच्या लिहिलेल्या सूचना असतात. जुन्या यंत्रांत त्यांना बायोस म्हणतात, नव्यांत त्यांची जागा यूईएफआयने घेतली आहे. या सूचनांनुसार यंत्र आपली तपासणी आपणच करते: स्मृती आहे का, पडदा जोडला आहे का, कळफलक आहे का. अनेक संगणकांत ही तपासणी उत्तीर्ण झाली की एक लहानसा ‘बीप’ ऐकू येतो. काही चुकले तर बीपांची संख्या किंवा लांबी बदलते. त्यानंतर यंत्र ठरलेल्या क्रमाने डिस्क, पेन ड्राइव्ह, सीडी अशा साधनांकडे पाहत जाते. जुन्या पद्धतीत ते डिस्कच्या अगदी पहिल्या खणातील ५१२ बाइट वाचते. एका पोस्टकार्डावर मावेल एवढाच हा ऐवज. त्यातील इवलासा प्रोग्राम पुढचा मोठा प्रोग्राम आणतो, तो त्याहून मोठा, आणि शेवटी विंडोज उभे राहते. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलावे, अशी एक इंग्रजी कल्पना आहे. ‘बूट होणे’ हा शब्द तिच्यावरून आला.

ही साखळी ध्यानात आली की पडद्यावरची एक ओळही पुष्कळ सांगून जाते. पंखा फिरत होता, म्हणजे वीज येत होती. बीप एकच आणि लहान होता, म्हणजे स्वतःची तपासणी पार पडली होती. अक्षरे दिसत होती, म्हणजे पडदा व स्मृती शाबूत होत्या. साखळी तुटली होती ती डिस्कवरून पहिले पान उचलण्याच्या जागी. तेथेही कारणे अनेक संभवतात. चुकून एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला असेल आणि यंत्र आधी त्याच्याकडे पाहत असेल. डिस्कची तार ढिली झाली असेल. पहिले पान खराब झाले असेल. पाहण्याचा क्रम वा पद्धत बदलली असेल. किंवा खरोखरच डिस्क गेली असेल. दुरुस्तीवाल्याने पाचांपैकी सर्वांत महागड्या कारणावर बोट ठेवले होते.

यांतील पहिले कारण फार जुने आहे. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला आणि पुढील काही वर्षांत शाखाशाखांतून संगणक दिसू लागले. त्या काळी फ्लॉपी खणात विसरून कोणी घरी गेले, की दुसऱ्या दिवशी सकाळी ‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’ ही ओळ साऱ्यांचे स्वागत करी. फ्लॉपी काढली की काम सुरू. फ्लॉपी जाऊन पेन ड्राइव्ह आला, विसरणारा मनुष्य तोच राहिला.

येथे मात्र मागे-पुढे काही लावलेले नव्हते. आता कॅबिनेट उघडणे आले. मुलीने तारा काढल्या, मुख्य जोडणी भिंतीतून उपटली आणि उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून बटण काही सेकंद दाबून धरले. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही घरी उघडू नये. तार काढल्यावरही तिच्या आतल्या कपॅसिटरांत धोकादायक विद्युतभार राहू शकतो. कॅबिनेटचे दार निघाल्यावर ती धूळ उडवण्यासाठी ब्लोअर लावणार, तोच अण्णा म्हणाले, “थांब बाळ. पावसाळा आहे. आत जीव असतील.” खरोखरच तळाशी मुंग्यांची रांग होती आणि कोपऱ्यात कोळ्याचे जाळे. चातुर्मासात उबदार, कोरडी जागा त्यांनाही हवीच असते. मऊ कुंचल्याने हलक्या हाताने त्यांना कागदावर घेऊन बाहेर सोडण्यात अर्धा तास गेला. मुलीला उशीर होत होता, पण ती काही बोलली नाही. तंत्रज्ञानाच्या पुस्तकात ही पायरी नसते. आपल्या कार्यालयांतून ती असावी.

तारा पक्क्या होत्या. काढून पुन्हा बसवल्या, तरी ओळ तीच. येथे मुलीने जो निर्णय घेतला तो या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा होता. दुरुस्तीचा कोणताही पुढचा प्रयत्न करण्याआधी तिने डिस्क बाहेर काढली आणि एका छोट्या जोडणीने आपल्या लॅपटॉपला लावली. “अण्णा, आधी आतलं वाचतंय का बघूया. दुरुस्त नंतर करू.” लॅपटॉपने अशा वेळी ‘फॉरमॅट करू का’ असे विचारले, तर त्याला कधीही होकार देऊ नये. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर तिला पुन्हा पुन्हा वीज देऊ नये. तेथे माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराचेच काम असते. या डिस्कने काहीच विचारले नाही, आवाजही केला नाही. खणामागून खण उघडत गेले आणि कायम पूजेची यादी पडद्यावर आली. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत, नावे जशीच्या तशी. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. यादीच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी घेतल्यावरच तिने डिस्क लॅपटॉपवरून काढली.

‘डिस्क गेली’ हे विधान मग खरे होते की खोटे? आपल्या परंपरेला या प्रश्नाचे उत्तर परके नाही. स्याद्वादातील ‘स्यात्’ या शब्दाचा अर्थ लोक ‘कदाचित’ असा करतात. तो तसा नाही. ‘स्यात्’ म्हणजे ‘कथंचित्’, एका विशिष्ट अपेक्षेने. यंत्र सुरू करून देण्याच्या अपेक्षेने ती डिस्क त्या दिवशी निरुपयोगी होती; माहिती सांभाळण्याच्या अपेक्षेने ती पूर्ण सुस्थितीत होती. दुरुस्तीवाल्याचा निष्कर्ष एका नयाने बरोबर होता. त्याने तो सर्व नयांनी खरा धरला, आणि तसा तो धरला गेला असता तर एका गावाने कित्येक माणसांच्या तिथी गमावल्या असत्या. ज्यांच्याकडे बंद पडलेला संगणक आहे, त्यांनी दुकानात जाऊन ‘चालू करून द्या’ असे न म्हणता ‘आधी आतील माहिती काढून द्या, मग काय ते करा’ असे म्हणावे. वाक्यांचा क्रम बदलला की कामाचाही बदलतो.

डिस्क पुन्हा जागेवर बसवली. ओळ पुन्हा तीच. म्हणजे तार ठीक, डिस्क ठीक. उरले होते ते पहिले पान आणि यंत्राच्या स्वतःच्या सूचना. मुलीने सुरू होतानाच कळ दाबून बायोसचे पान उघडले. ती साधनांचा क्रम पाहत होती. अण्णांची नजर मात्र वरच्या कोपऱ्यात गेली. धनादेश हातात आला की रकमेआधी तारीख पाहावयाची, ही चाळीस वर्षांची सवय.

“बाळ, ही तारीख कुठली? हा संगणक तेव्हा आपल्याकडे आलाही नव्हता.”

तेथे बरीच वर्षे मागची एक जानेवारीची तारीख होती, आणि गुंता तेथेच सुटला. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा एक सेल असतो. त्याचे नाव सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, हेच त्या आकड्यांचे इंगित. तीन व्होल्टचा हा सेल संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवतो, आणि अनेक यंत्रांत बायोसमधील निवडी जपण्याचे कामही त्याच्याच जिवावर चालते. तो काही वर्षांनी संपतो. मात्र संगणक भिंतीला जोडलेला असेपर्यंत घड्याळाला तिकडूनही थोडी वीज मिळत राहते, म्हणून सेल संपत आल्याचे कळतच नाही. या कार्यालयात मे महिन्यात वळवाच्या पावसात शेजारी वीज पडली होती, आणि तेव्हापासून रोज रात्री मेन स्विच बंद करण्याचा ठराव समितीने केला होता. ठराव योग्यच होता. परंतु त्यानंतर रोज रात्रीचा सारा भार त्या म्हाताऱ्या सेलवर पडू लागला आणि एके रात्री त्याने प्राण सोडला. यंत्र आपल्या निवडी विसरले व कारखान्यातून आले तेव्हाच्या मूळ निवडींवर गेले. त्या निवडींत डिस्क वाचण्याची पद्धत नवी, यूईएफआयची होती. मंदिराची डिस्क मात्र जुन्या पद्धतीने मांडलेली. समोर डिस्क असूनही यंत्राला तिच्यात आपल्याला हवे तसे पान सापडेना.

गावातील घड्याळाच्या दुकानात सेल मिळाला. तो बसवला, तारीख-वेळ नीट केली, बूट करण्याची पद्धत ‘लेगसी’ केली आणि यंत्र सुरू झाले. जो संगणक टाकून द्यावयाचा होता, त्याचा आजार एका सेलाचा निघाला. दुरुस्तीवाल्या मुलाला हे कळले तेव्हा तो मोकळेपणाने म्हणाला, “तारखेकडं बघितलंच नाही मी.” आता तो आधी तारीख पाहतो असे म्हणतात.

या प्रकरणात एक गोष्ट सुदैवाची होती, तिचा उल्लेख केलाच पाहिजे. जुन्या संगणकाची डिस्क कुलूपबंद नव्हती, म्हणून ती दुसरीकडे लावताच उघडली. आजच्या अनेक नव्या लॅपटॉपांत डिस्कवरील मजकूर ‘बिटलॉकर’सारख्या व्यवस्थेने आपोआप सांकेतिक केलेला असतो. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून ही सोय उत्तम. परंतु बिघाडाच्या वेळी ४८ अंकी किल्ली जवळ नसेल, तर मालकही चोरासारखाच बाहेर उभा राहतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रणालीची एक सदोष फाइल जगभर पाठवली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय तसा सोपा होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकणे. पण बऱ्याच ठिकाणी तेथवर पोहोचण्यासाठी ती किल्ली हवी होती, आणि काही ठिकाणी किल्ल्यांची यादीही बंद पडलेल्या संगणकांतच अडकली होती. घरातील लॅपटॉपची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते का, ते आजच पाहून कागदावर उतरवून ठेवावी. लॉकरची किल्ली कोणी लॉकरात ठेवत नाही.

पर्वाच्या आदल्या दिवशी कायम पूजेची यादी छापून निघाली. तिची एक प्रत पंडितजींकडे, एक कार्यालयाच्या कपाटात, एक खजिनदारांच्या घरी गेली. नव्या नोंदी संगणकात घेतानाच पुन्हा एका जाड वहीतही घ्यावयाच्या, असे ठरले. ती वही आता वरच्या मजल्यावर ठेवतात. भक्तिगीतांचा पेन ड्राइव्ह लाल दोऱ्याने वेगळा केला गेला. कॅबिनेटचे दार लावण्यापूर्वी अण्णांनी आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात सेल बदलल्याची तारीख आहे, त्याखाली ‘बूट: लेगसी’ असे लिहिले आहे आणि त्याखाली सही.